घरची गाडी : चार वर्षांचे ब्रेक ऑइल

मागच्या अंकात बॅटरीवर लिहिले होते, या वेळी टायरवर लिहायचे ठरले होते. टायर पुढच्या महिन्यावर ढकलतो. कारण मध्येच माझ्या घरात जे घडले ते आधी सांगितले पाहिजे. सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

जिवतीला बेगमच्या मामेबहिणीकडे अकीका होता. दुकानात दोन गाड्या खोललेल्या, त्यामुळे मला जाता आले नाही. मुलगा एकवीस वर्षांचा आहे, लायसन्स आहे, हात चांगला आहे. सकाळी त्याने विचारले, "अब्बू, गाडी ठीक आहे ना?" मी पान्यावरून नजर न काढता म्हणालो, "एकदम ओके आहे, जा." गाडीत बेगम, सासूबाई, माझी बहीण, तिची तीन मुले आणि तो, असे सात जण. वर सामान.

चंद्रपूरहून राजुरा, गडचांदूर आणि तिथून वर जिवती. ज्यांनी हा रस्ता पाहिला आहे त्यांना माहीत आहे की गडचांदूर सोडले की माणिकगडच्या डोंगराची चढण लागते. सह्याद्रीसारखे मोठे घाट आपल्याकडे नाहीत, म्हणून आपल्याकडच्या ड्रायव्हरला उताराची फारशी सवय नसते. जाताना काही झाले नाही. येताना पुढे एक लोड ट्रक रांगत होता. मुलाने गाडी चौथ्या गिअरमध्येच ठेवली आणि ट्रकच्या मागे मागे ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिला. थोड्या वेळाने पेडल मऊ लागायला लागले. मग आणखी खाली. मग एका वळणाच्या आधी ते थेट फ्लोअरला टेकले आणि गाडी काही धरेना.

त्याने पेडल पंप केले, काही उपयोग झाला नाही. मग तिसरा, दुसरा असा गिअर उतरवला, इंजिन ओरडले, पण गाडीने वेग सोडला. हँडब्रेक थोडा थोडा ओढत त्याने गाडी डाव्या बाजूच्या मुरमात घातली. ती एका दगडाला टेकून थांबली. अलहमदुलिल्लाह, कुणाला खरचटलेसुद्धा नाही. सासूबाई मागे आयतुल कुर्सी पढत होत्या. लहान भाचीला वाटले मामेभाऊ मस्करी करतोय.

मला फोन आला तो अर्ध्या तासाने. "अब्बू, ब्रेक गेले होते. आता पेडल परत वर आले आहे. कडक लागते आहे. येऊ का हळूहळू?"

मी म्हणालो, "चावी काढ. कुणीही गाडीत बसायचे नाही. दुसऱ्या गाडीने घरी या."

पेडल आपोआप परत आले, हे ऐकल्याबरोबर मला कळले काय झाले ते. गळती असती तर पेडल परत आले नसते. पाइप फुटला असता तर टाकी रिकामी दिसली असती. गरम असताना जाते आणि थंड झाले की परत येते, याचा अर्थ आत तेल उकळले होते. आणि ते का उकळले हेही मला माहीत होते. त्या गाडीचे ब्रेक ऑइल मी चार वर्षांत बदललेले नव्हते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली मी मार्करने तारीख लिहितो. घरच्या गाडीच्या बॉनेटखाली काही लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंनी सातही जणांचा सदका काढला. मी ब्रेक ऑइलच्या दोन सीलबंद बाटल्या आणि एअर काढायची नळी घेऊन जिवतीच्या बसला बसलो.

आता मुद्द्यावर येतो. आपण पेडल दाबतो तेव्हा चाकापर्यंत जोर पोहोचवते ते तेल. तेल दाबले जात नाही, म्हणून एका टोकाला दिलेला दाब दुसऱ्या टोकाला तसाच मिळतो. सगळी ब्रेकची यंत्रणा या एका गोष्टीवर उभी आहे. वाफ मात्र दाबली जाते. नळीत वाफेचा किंवा हवेचा फुगा झाला की तुमचा पाय तो फुगा दाबण्यातच खर्च होतो आणि चाकाला काही मिळत नाही.

ब्रेक ऑइलचा स्वभाव असा की ते हवेतले पाणी शोषून घेते. टाकीचे झाकण घट्ट असले तरी रबरी नळ्यांतून, झाकणाच्या छिद्रातून ओल आत येतेच. तेल जुने होते म्हणजे त्यात पाणी मुरते. डॉट 3 प्रकारचे नवे तेल कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठी हाच आकडा 140 वर येतो. डॉट 4 साठी नवे 230, पाणी मुरलेले 155. हे पाणी मुरलेले म्हणजे साधारण साडेतीन टक्के पाणी. चार वर्षे पावसाळे खाल्लेल्या तेलात त्याहून जास्तही असू शकते. उतारावर सतत ब्रेक दाबला तर डिस्क कित्येक शे अंशांपर्यंत तापते. मग तेल उकळायला किती वेळ लागणार?

आपल्या भागात तर दोन्ही टोके आहेत. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 ला जातो, कधी 48 लाही टेकतो. आणि जून लागला की गडचिरोलीकडे महिनोन् महिने सर्दावलेली हवा. तेल ओल पिणार पावसाळ्यात आणि त्याची परीक्षा होणार उन्हाळ्यात. म्हणून मी सांगतो, गाडी चालो अथवा दारात उभी राहो, दोन वर्षांत ब्रेक ऑइल बदला. किलोमीटर मोजू नका, तारीख मोजा. खर्च किती? सगळे मिळून किलो-दीड किलो मटणाच्या भावात काम होते.

मी तिथे गाडी खोलली तेव्हा टाकीतले तेल बिनदुधाच्या कडक चहासारखे होते. नवे तेल फिकट पिवळे, जवळजवळ पाण्यासारखे असते. एवढे तर घरातले कुणीही बॉनेट उघडून बघू शकते, त्याला मिस्त्री लागत नाही. पण दोष फक्त तेलाचा नव्हता. पुढच्या डाव्या चाकाच्या कॅलिपरची पिन मातीने जाम झाली होती. म्हणजे ब्रेक सोडला तरी ते चाक पूर्ण सुटत नव्हते, पॅड डिस्कला घासतच राहायचा आणि तापत राहायचा. गडचांदूरकडची सिमेंटची धूळ, घुग्गुस-बल्लारपूरकडची कोळशाची भुकटी, आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या खनिजाच्या ट्रकांनी उडवलेली लाल धूळ, हे सगळे शेवटी तुमच्या ब्रेकमध्ये जाऊन बसते. घरबसल्या याची एक तपासणी आहे. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ हाताचा पंजा न्या. हात लावू नका, भाजेल. फक्त जवळ न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेले जाणवले, करपल्यासारखा वास आला, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. माझी गाडी पंधरा दिवसांपासून थोडे डिझेल जास्त खात होती. मी इंजेक्टरवर शंका घेत बसलो.

माझे उस्ताद, ज्यांच्याकडे मी हाताखाली काम शिकलो, ते उंट आधी बांधण्याची ती हदीस नेहमी सांगायचे. आणि पुढे आपली भर घालायचे, की दुसऱ्याचा उंट बांधताना गाठ दोनदा बघतोस, तशीच घरच्याचीही बघ. उस्ताद आता नाहीत. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला चाक खोलून बसलो असताना मला त्यांचीच आठवण आली.

तेलाबद्दल आणखी थोडे, कारण यात लोक फार चुका करतात. टाकीतली पातळी खाली गेली की लगेच वर भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की पातळी हळूहळू खाली येते, ते स्वाभाविक आहे. म्हणजे कमी झालेली पातळी तुम्हाला सांगते आहे की पॅड बघा. आणि पातळी भराभर उतरत असेल तर कुठेतरी गळते आहे, चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलच्या वर ओल शोधा. झाकणावर डॉट 3 की डॉट 4 लिहिलेले असते, तेच घाला. डॉट 5 नावाचे सिलिकॉनचे तेल वेगळेच असते, ते यात मिसळत नाही. दुकानदाराने "वरचा नंबर म्हणजे चांगला" म्हणून दिले तर घेऊ नका. उघडी ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका, ती कपाटात बसूनही पाणी पिते. आणि इंजिन ऑइल तर चुकूनही नको. एकदा एका आठवडी बाजारवाल्याचा टेम्पो दोरीने ओढत आणला होता. वाटेत तेल कमी दिसले म्हणून त्याने इंजिन ऑइल ओतले होते. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळे रबर फुगून बसले होते. शंभराच्या जागी काही हजार गेले. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर रंगही उचलते, लगेच पाण्याने धुवा.

उतरताना काय करायचे ते मी आता मुलाला कागदावर लिहून दिले आहे, तेच इथे लिहितो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. जिवतीच्या रस्त्याला दुसरा किंवा तिसरा. इंजिन गाडीला धरून ठेवते, तुम्ही ब्रेक थोडा जोरात दाबून वेग कमी करा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा वेग वाढला की पुन्हा. पाय सतत टेकवून ठेवायचा नाही, डिस्कला श्वास घेऊ द्यायचा. ऑटोमॅटिक गाडीतही खालच्या गिअरची सोय असते, लिव्हरवर एल किंवा मॅन्युअलची खूण बघा.

आणि न्यूट्रल. डिझेल वाचते म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणारे, काही तर चावीच बंद करणारे, मला आजही भेटतात. यांच्यापुढे हात जोडावेत की त्यांचे कान धरावेत हे कळत नाही. इंजिन बंद झाले की ब्रेकचा बूस्टर मरतो. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, त्यानंतर पेडल लाकडासारखे कडक होते. ब्रेक तेव्हाही असतो, पण साधी बाई-माणसे सोडा, पैलवानाच्या पायानेही गाडी नीट थांबत नाही. शिवाय चावी मागे फिरली की स्टिअरिंग लॉक होते ते वेगळेच. बूस्टर शाबूत आहे का हे घरी बघता येते. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, कडक होईल. मग दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर ठीक. तसेच कडक राहिले तर नळी फुटली आहे किंवा बूस्टर गेला आहे.

आता पत्रांकडे. अहेरीच्या एका शिक्षिका भगिनी लिहितात, पावसाळ्यात सकाळी गाडी काढली की पहिल्या दोन-तीन ब्रेकला खर्र आवाज येतो, मग बंद होतो. आपा, फिक्र करू नका. रात्रीच्या ओलीने डिस्कवर गंजाचा पापुद्रा धरतो, तो निघून जातो. पण हाच आवाज दिवसभर राहिला, बारीक शिट्टीसारखा झाला, तर पॅड संपत आले आहेत. बऱ्याच पॅडना मुद्दाम एक पत्र्याची जीभ लावलेली असते, तीच तुम्हाला हाक मारते. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो, तीनवर आला की बदलायचा. शिट्टी जाऊन लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर गाडी तिथेच उभी करा. आता डिस्क खाल्ली जाते आहे, आणि डिस्क पॅडपेक्षा महाग असते.

ब्रह्मपुरीचे एक वाचक विचारतात, वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरते. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. पुष्कळदा याचे कारण आपणच असतो. पंक्चर काढणारा बोल्ट कसेही आवळतो, किंवा तापलेली गाडी आपण सरळ पाणी मारून धुतो. लेथवर फेस करून घ्या, जाडी कमी उरली असेल तर बदला.

देसाईगंजच्या भावांची गाडी ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढते. आधी टायरची हवा बघा, अर्ध्या वेळा तेवढेच निघते. नाही तर उजव्या चाकाचा ब्रेक काम करत नाही किंवा त्याच्या लायनरवर तेल उतरले आहे. गाडी ओढते त्या बाजूला नव्हे, त्याच्या उलट बाजूला दोष असण्याची शक्यता जास्त, हे बऱ्याच मिस्त्रींनाही सांगावे लागते.

पेडल खाली जाते पण दोनदा दाबले की वर येते, अशी तक्रार तिघांनी केली आहे. मागच्या ड्रमच्या शूज ढिल्या झाल्या आहेत, सेटिंग करून घ्या. पेडल स्पंजसारखे लागते तर आत हवा आहे, एअर काढून घ्या. आणि सिग्नलला ब्रेक दाबून उभे असताना पेडल पायाखाली हळूहळू बुडत जात असेल, बाहेर कुठे गळतीही नसेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले आहे. ही गाडी घेऊन ईदच्या सफरीला निघू नका. गिरडला बाबा फरीदच्या दर्ग्याला किंवा ताजबागेला जाणाऱ्या कितीतरी भरलेल्या गाड्या मी सांगून परत फिरवल्या आहेत. लोक नाराज होतात. होऊ द्या.

ड्रम उघडणाऱ्या मुलांना एक सांगायचे आहे. आतली भुकटी तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाइपानेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, ते फुप्फुसात बसते आणि निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा. आम्ही लहानपणी फुंकायचो.

भामरागडला पर्लकोटा चढली की गाड्या पुलाच्या अलीकडे एक-एक, दोन-दोन दिवस उभ्या राहतात. हँडब्रेक ओढून ठेवला आणि पाऊस लागला की शू ड्रमला गंजून चिकटते. मग गाडी हलत नाही, लोक क्लच जाळतात. अशा वेळी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. रोवणीच्या दिवसांत शेतातल्या चिखलातून गाडी काढली तर त्याच दिवशी चाकांत आतून पाणी मारा, चिखल सुकला की सिमेंट होतो. पाण्यातून गाडी गेली तर पुढे शंभर-दोनशे मीटर हलका ब्रेक दाबत चालवा, ड्रम सुकतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर मात्र मुळीच जायचे नाही, त्यावर ब्रेकचा कोणताही इलाज नाही.

रात्रीच्या जंगलाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. लोहारा सोडले की मूलपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल आहे. रानडुक्कर, चितळ, नीलगाय कधी समोर येईल सांगता येत नाही, वाघही दिसतो. 60 च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे 25 मीटर तर असेच गेले. त्यापुढे चांगल्या ब्रेकला, सुक्या डांबरावर आणखी 20 मीटर. झाले 45. ओल्या रस्त्यावर 60. आणि 80 च्या वेगात सुक्यावरच 70 मीटर लागतात. खालच्या लाइटमध्ये चाळीस-पन्नास मीटरच्या पलीकडचे चितळ नीट दिसत नाही. हा हिशेब नव्या पॅडचा, नव्या तेलाचा आणि चार माणसांचा आहे. सात माणसे आणि वर सामान असेल तर ब्रेकवरचा भार तुम्हीच धरा.

एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली कडकड उडते, ते घाबरून पाय काढण्यासाठी नाही. दाबूनच ठेवा आणि स्टिअरिंग वळवा, तेवढ्यासाठीच ते असते. मात्र मुरमाच्या, खडीच्या रस्त्यावर एबीएसची गाडी थांबायला उलट जास्त जागा घेते. आलापल्लीच्या पुढे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि गाडीत लहान मुले असतील तर पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाकडे घरंगळू देऊ नका. पेडलखाली बाटली अडकली तर वर लिहिलेले सगळे व्यर्थ आहे.

आमची गाडी आता चालते आहे. दोन्ही कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावले, पॅड बदलले, नळ्या बदलल्या, जुने तेल पूर्ण काढून नवे घातले. बॉनेटखाली मार्करने तारीख मी लिहायला गेलो तर ती आधीच लिहिलेली होती. अक्षर बेगमचे. खाली तिने पुढची तारीखही टाकली आहे, दोन वर्षांनंतरची, आणि शेजारी माझे नाव.

पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह टायर.